मनिषाचा तिसरा भाग

सुकापूरपासून उरणपर्यंत 'भाग' हा शब्द जपून उच्चारावा. जमिनीचे भाव आभाळाला भिडल्यापासून बहिणीच्या तोंडून तो निघाला, की भावाची झोप उडते. मनिषाने तर तो मुखपृष्ठावरच छापला.

मी पनवेलच्या एका प्रेसमध्ये प्रुफं तपासतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडलं. मनिषा सुकापुरात ब्लाउज शिवते. तिने भागाभागांची रहस्यकथा लिहिली. त्यात चोर पकडणारी कोण, तर मिठागरात जन्म घालवलेली चंद्रावती नावाची म्हातारी. एका प्रकाशकाने सांगितलं, सगळं मिळून एकच जाड कादंबरी करा आणि ते बोलीतलं हाय-नाय काढा. "मंग ती माझी चंद्रावती नाय," म्हणत बाईने वही उचलली ती थेट आमच्याकडे आली.

मीही शहाणपणा शिकवायला गेलो. नवख्या लेखिकेची मालिका कोण घेणार? ती म्हणाली, "काका, जाड पुस्तक बघून आमच्या बायका पलतील. ऐंशी पानं करा, नि मेलेला मानूस दार वाजवतो तिथंच थांबवा."

पहिला भाग तिने हळदीच्या मांडवात फुकट वाटला. आठवड्यात बायका दारात हजर, पुढं काय झालं सांग! तेव्हा दुसरा भाग विकत. दुसरा वाचलेली जावेला सांगे, जाऊ पहिला मागायला येई. जाहिरातीवर दमडी गेली नाही. माझं शहाणपण मी मुकाट गिळलं.

मग तिने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "माझा तिसरा भाग सोमवारी हातात येतोय."

दोन भाऊ, एक बहीण. तिसरा भाग म्हणजे काय, हे थोरल्या गणूला कुणी समजवावं लागलं नाही. बहिणीची पुस्तकं त्याने कधी उघडलीच नव्हती. सोमवारी ती पुस्तकं न्यायला आली, तिच्या मागोमाग तो हक्कसोडपत्र घेऊन प्रेसमध्ये धडकला. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला, असं बहिणींकडून लिहून घेतात तो कागद.

"लगीन लावून दिलं, आता भाग पायजे? सही कर, नायतर म्हायेर तुटलं समज!"

मनिषाने ताजं पुस्तक त्याच्यासमोर धरलं. गणूने मुखपृष्ठ वाचलं, कान लाल झाले. तिथंच थांबला असता तर बरं होतं.

"बरं, चुकी झाली," तो म्हणाला. "पन कागद आनलाच हाय, तं सही करून टाक. नि ही भागांची भानगड बंद कर."

मनिषाचे डोळे भरले. मला वाटलं, माहेरापुढे हिची मान झुकणार. तिने कागद घडी घालून त्याच्या खिशात परत खोचला.

"दादा, मना भाग मागायचं सुचलं पन नव्हतं. तूच सुचवलंस. आता घेनार."

गणू पाय आपटत गेला. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"काका, चौथ्या भागाचं नाव लिवून घ्या. हक्कसोड."