लंकेच्या पाण्यात उजवा हात

मी हिंगोलीच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायचो. राज्य निजामाचं, त्यामुळं शिकवणं सगळं उर्दूतून. वीस वर्षं मी भिंतीवरच्या नकाशात छडीनं समुद्र दाखवत आलो होतो, आणि स्वतः नांदेडच्या गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. श्रावणातल्या एका सकाळी वर्गात माझ्या हातातली छडी पडली. उचलायला वाकलो तो उठताच येईना. उजवी बाजू गेली. आमच्याकडं म्हणतात, अंगावरून वारं गेलं. पंधरा दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. मग वाचा आली, पण उर्दू आली. मराठी आलीच नाही. दुसऱ्यानं बोललेली मराठी सगळी कळायची. आपण बोलायला गेलो की जिभेवर उर्दूच यायची. आईच्या मांडीवर शिकलेली भाषा गेली आणि शाळेत शिकलेली राहिली, याचं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही नवल वाटलं.

बायको साखरा गावची, शेतकऱ्याघरची. तिची उर्दू बाजारहाटापुरती. पानी, नमक, दवा एवढं तिला कळायचं. पुढं मी बोलत राहायचो आणि ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची.

"तुमी माझ्यासंग परक्यावानी काहून बोलून राहिले?" एकदा तिनं विचारलं. मी उत्तर दिलं तेही उर्दूत. ती उठून चुलीपाशी जाऊन बसली.

शेजारी अत्तराचे व्यापारी राहायचे. बायको त्यांना भाईजान म्हणायची. ते रोज संध्याकाळी येऊन बसायचे आणि मी बोललेलं मराठी करून तिला सांगायचे. लग्नाला चोवीस वर्षं झालेली, आणि आम्हाला दुभाषा लागत होता. माघात एक दिवस ते म्हणाले, "मास्टर, मेरा भाई कोलंबो में है. घर के सामने समंदर. मैं जा रा हूँ, भाभी को लेके तुम भी चलो. बीस बरस नक्शे में देखे, अब आँख से देखो."

डॉक्टरांना विचारलं. काठी टेकत मी तोवर अंगणात चालायला लागलो होतो. ते म्हणाले, "खुशाल जा. नवं बघाल, नवं ऐकाल, त्यानं डोकं जागं होईल."

माझे चुलते मात्र बिघडले. "समुद्र ओलांडायचा न्हाई आपल्यात. आन आजारी माणसाला घेऊन जायचं कुठं, तर रावणाच्या गावाला!"

दाराआडून पदर सावरत बायको म्हणाली, "रामानं ओलांडलाच की, मामंजी. आमी तर लढायलाबी चाललो न्हाई."

पूर्णेला गाडी बदलली, मग सिकंदराबाद, मग मद्रास. चौथ्या दिवशी मंडपमला पोचलो. लंकेला जाणाऱ्यांची तिथं तपासणी व्हायची. माझा लोंबता हात आणि ओढता पाय बघून तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला काढलं. दहा पावलं विनाकाठी चालून दाखव म्हणाले. बायकोनं काठी घेतली. सहाव्या पावलाला तोल गेला, तशी ती पुढं झाली. मी डाव्या हातानंच तिला थांबवलं आणि दहा पुरी केली. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, तिकडं काम काय आहे? भाईजाननी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कुछ नहीं. सिर्फ देखना है." भाईजाननी ते सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले आणि कागदावर शिक्का मारला.

तिथून पुढं आगगाडी समुद्रावरून जाते. पुलाला कठडा नाही, खिडकीतून खाली बघावं तर रूळही दिसत नाहीत, दोन्ही अंगांना नुसतं पाणी. बायकोनं माझा डावा दंड धरला आणि डोळे न मिटता बघत राहिली. आमची कयाधू नदी माघात वाळूतून कशीबशी वाहते. पाणी म्हणजे बायकोला तेवढंच ठाऊक होतं.

"कुठून आलं असंल हो एवढं?" ती हळूच म्हणाली. जगातल्या साऱ्या समुद्रांची नावं मला पाठ होती. पण मीही तिच्यासारखाच खिडकीशी वाकून बघत होतो.

धनुष्कोडीला बोटीत चढलो. दुपारची वेळ. किनारा मागं पडला आणि मग कुठल्याच बाजूला जमीन राहिली नाही. नकाशात निळा रंग असतो. इथं तो निळा नव्हता. जवळ हिरवा, लांब काळपट, आणि सगळा हलत होता. वारा सुटला आणि एका लाटेचं पाणी कठड्यावरून माझ्या तोंडावर उडालं. मी ओठांवरून जीभ फिरवली.

"मीठ," मी म्हणालो.

बायको गर्रकन वळली. "काय म्हणले?"

"मीठ. पाणी... मिठाचं."

सहा महिन्यांनी मी तिच्याशी मराठी बोललो होतो. ती रडेल असं मला वाटलं. तिनं नुसतं माझ्या तोंडावरचं पाणी पदरानं पुसलं आणि म्हणाली, "अजून बोला." मी बोट दाखवून सांगत गेलो : दोर, पक्षी, ढग, वारा. काही शब्द आले, काही आले नाहीत. भाईजान टोपी हातात धरून उभे होते. त्यांनी एकाही शब्दाचं भाषांतर केलं नाही.

कोलंबोत महिनाभर राहिलो. भाईजानच्या भावाचं घर खरंच समुद्राला लागून होतं. रोज सकाळी बायको लुगडं खोचून मला छातीएवढ्या पाण्यात न्यायची आणि मागून घट्ट धरून ठेवायची. पहिल्याच दिवशी मी चमकून खाली बघितलं. माझा उजवा हात, सहा महिने अंगाला लोंबत राहिलेला, पाण्यात आपोआप वर आला होता. छातीपुढं तरंगत होता. लाट आली की वर, गेली की खाली, एखाद्या झोपलेल्या लेकरासारखा. मी तो उचलला नव्हता. आम्ही दोघं पाणी हाताशी काय करतंय ते बघत तसेच उभे राहिलो, अगदी ऊन चढेपर्यंत.

बाविसाव्या दिवशी पाण्याखाली माझी करंगळी हलली. ती मात्र मी हलवली होती. बायकोला सांगितलं तर तिनं श्वास घेऊन डोकं पाण्याखाली घातलं आणि डोळे उघडून बघितलं. वर आली तेव्हा डोळे लाल, नाकातोंडात पाणी, ठसका लागलेला. "हलली," ती म्हणाली. "परत हलवा."

पाडव्याच्या आधी घरी आलो. पुढच्या दोन वर्षांत हात खांद्याएवढा उचलता यायला लागला. बोटांत जोर आला नाही, खडू डाव्या हातानं धरायला शिकलो. मराठी जवळजवळ सगळी आली. फक्त फार रागावलो की अजून उर्दूच आधी तोंडात येते, आणि बायको शांतपणे सांगते, "मराठी सुचली की मग भांडा."