मावळ्याचे डोळे

मे महिन्यात आम्ही रायगड बघायला निघालो आणि वाटेतलं सगळं बघत बसलो. नागोठण्यापुढे सिमेंटचा हत्ती, मग सिमेंटचा आंबा. दोन्हींसोबत फोटो काढले. कोलाडच्या एका हॉटेलच्या दारात प्लास्टरचे दोन मावळे भाले घेऊन उभे होते. मिशा भयंकर, डोळे मात्र गणपतीचे. पेणचा एक म्हातारा मूर्तिकार स्टुलावर बसून ते डोळे पुन्हा रंगवत होता. ब्रश टेकवण्याआधी तो दर वेळी मावळ्याला नमस्कार करी.

"मालकाला रागीट डोळे पायजेत," तो म्हणाला. "जन्मभर गणपती केले. या हाताला राग जमतच नाय. गडावर कुठं दिसला तर येताना सांगा."

गडावर माझ्या मेव्हण्यांनी गाडीच्या किल्लीने दगडावर स्वतःचं नाव कोरायला घेतलं. तिथल्या रखवालदाराने असं पाहिलं की त्यांच्या हातातून किल्लीच पडली.

परतताना जेवायला त्याच हॉटेलपाशी थांबलो. मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, रखवालदाराच्या भुवयांसकट. त्याने मेव्हण्यांना नीट न्याहाळलं आणि ब्रश धुवायला घेतला.

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तसे डोळे काढले तर तुमच्यासारखं गिऱ्हाईक आत यायचं नाय."

आम्ही आत जाऊन पोटभर जेवलो. मेव्हण्यांनी सोलकढी दोनदा मागवली.