दोनदा पाहिलेले तारे

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलं ते एका टक्क्यावर. एका तारकागुच्छात किती तारे जोडीनं फिरतात, हे मला सांगायचं होतं. जोडीतले तारे इतके जवळ असतात की दुर्बिणीला एकच ठिपका दिसतो. पण त्याचा वर्णपट वेगवेगळ्या दिवशी घेतला, की त्यातल्या काळ्या रेषा थोड्या सरकलेल्या सापडतात, आणि हा तारा कोणाभोवती तरी फिरतोय हे कळतं. माझ्याकडे प्रत्येक ताऱ्याचे दोनच वर्णपट होते. रेषा सरकली नाही, की मी 'एकटा' लिहून मोकळी. मार्गदर्शक सर खूश होते.

सुट्टीत मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर गेले. आई तिथे अंगणवाडी चालवते. माझं काम ऐकून म्हणाली, "दोनदा पाह्यलंस नि एकटा लिवलंस? दिवाळीनंतर आपल्याकडं दारं बंद असतात. म्हंजे घराला पोरं नाय का?"

पोरांच्या वजनाच्या रजिस्टरात अशा बंद घरांपुढे तिनं 'मूल नाही' कधीच लिहिलं नाही. 'जगायला गेले' असं लिहायची. कामासाठी बाहेर पडणाऱ्यांना आमच्याकडे तसंच म्हणतात. पर्यवेक्षिकेनं झापलं तरी तिनं ते खोडलं नाही. माणसं परतली, की ही वजनकाटा घेऊन त्यांच्या दारात.

मला स्वतःचीच चीड आली. हिच्या हाताखाली वाढून मी असं मोजत होते! मग संगणकात खोट्या जोड्या तयार केल्या, वर्षानुवर्षं सावकाश फिरणाऱ्यासुद्धा, आणि दोन वर्णपटांत त्यातल्या किती हाती लागतात ते पाहिलं. कितीतरी निसटल्या. निसटणाऱ्यांचा अंदाज धरल्यावर माझा टक्का चांगलाच वर चढला.

पाड्यावर रेंज नाही. जव्हारच्या एसटी डेपोत उभं राहून सरांना फोन लावला आणि नवा टक्का सांगितला. ते भडकलेच. "न दिसलेले जोडीदार मोजतेस? जुना आकडा ठेव, नाहीतर सही विसर."

सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि मुदत याच महिन्यात संपते.

"सर, एकटा लिहायचं तर तो एकटा आहे हे आधी दाखवा," मी म्हणाले आणि तिथूनच नव्या टक्क्याचं प्रकरण त्यांना पाठवून दिलं.

सही अजून आलेली नाही. टक्काही मी बदललेला नाही.