शिवडीचे रोहित

आमचा दादा बारा वर्षं संपावर होता. गिरण्यांचा तो संप मागे घेतला असं कोणी रीतसर सांगितलंच नाही, म्हणून दादा आपला संपावरच! (गिरणीला कधीचं कुलूप लागलं होतं, हा भाग वेगळा.) घोडपदेवच्या आमच्या चाळीत, गॅलरीत बसून तो समोरच्या गिरणीच्या थंड चिमणीकडे बघत राहायचा. बोलणं जवळजवळ बंदच.

"भावोजी, ह्यांना कुठंतरी घेऊन चला हो," वहिनी म्हणाली. "दिवाळीतसुद्धा खाली उतरले नाहीत. मला भीती वाटते आता."

माझ्या ऑफिसात एक पक्षिवेडे साहेब होते. थंडी पडायला लागली की शिवडीच्या खाडीत लांबच्या मुलखातले गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, असं ते सांगायचे. त्यांची दुर्बीण मागून आणली आणि रविवारी दादाला, वहिनीला घेऊन शिवडी गाठली.

ओहोटी होती. जिकडे बघावं तिकडे चिखल आणि वर धुरकट आभाळ. दादाने ते बघून सुस्कारा टाकला. मी घाईघाईने दुर्बीण लावली आणि ओरडलो, "दादा! रोहित! तो बघ, होडीमागे!"

शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेली कोळीण म्हणाली, "ओ भाव, तो माजा परकर हाय. वालत घातलाय!"

वहिनीने तोंडाला पदर लावला. दादा ढिम्म.

आता माझ्या अब्रूचा प्रश्न! "जवळ जाऊन बघतो," म्हणत मी चपलांसकट चिखलात उतरलो. आधी घोटे गेले, मग गुडघे, आणि मग मीच! कमरेपर्यंत रुतलो. दुर्बीण तेवढी वहिनीकडे फेकली. (साहेबांची होती!) धडपडावं तर आणखी खाली.

"भरती लागंल आता," कोळीण शांतपणे म्हणाली.

वहिनीने किंकाळी फोडली. आणि दादा गरजला, "हलू नको मेल्या! पालथा पड!"

त्याचा आवाज ऐकून मी इतका दचकलो, की निमूट पालथा पडलो. दादाने होडीचा दोर फेकला, पाय रोवले आणि मला ओढून काढलं. मी आलो, पँट राहिली! कोळणीने दिलेलं गोणपाट गुंडाळून मी चाळीचा जिना चढलो.

गिरणी काही उघडली नाही. दादा पुन्हा गॅलरीत बसू लागला. पण कोणी आलं, की तेवढी ही हकिगत हातवारे करून सांगायचा. ऐकणारा विचारायचाच, "पण रोहित दिसले का?"

"दिसले तर! अख्खा थवा डोक्यावरून गेला," दादा म्हणायचा. "मी पाहिला, हिने पाहिला, कोळणीने पाहिला. आमच्या पक्षितज्ज्ञांचं तोंड तेवढं चिखलात होतं!"