घंगाळाच्या शीर्षकात तिचं नाव

पुण्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं आणि माझ्या हातून कोल्हारच्या एका म्हातारीला फसवलं. बोलीचे पैसे त्यानं पूर्ण दिले. तक्रार पैशाची नाही.

मी श्रीरामपुरात भंगाराच्या सायकलीवर वर आलेला माणूस. आता मोबाईलवर लिलाव लावतो. तांब्या-पितळेची भांडी, कुलपं, अडकित्ते. आठवीत शाळा सोडलेल्याला शीर्षकं लिहायला कुणी शिकवलं, असं लोक विचारतात. सायकलीनं शिकवलं. गल्लीतून आरोळी देताना पहिला शब्द चुकला तर चुलीपुढची बाई उठत नाही, आणि ती उठेल म्हणून सायकल थांबत नाही. लिलावातही तेच. आधी वस्तू, मग धातू, मग माप. 'सुंदर', 'दुर्मिळ' मी कधी लिहीत नाही. घंगाळ हवं असलेला माणूस 'घंगाळ' शोधतो, 'सुंदर' शोधत नाही. आणि खोट असली तर ती शीर्षकातच सांगायची. 'बुडाला डाग दिलेला', म्हणजे भोक झाळून बुजवलेलं, असं लिहिलं की चार गिऱ्हाइकं निघून जातात, पण जे राहतं ते नंतर भांडत नाही.

आणखी दोन शब्द आहेत, 'नाव घातलेलं'. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायची आपल्याकडं रीत. शहरातल्या लोकांना परक्या घराचं नाव असलेलं भांडं दिवाणखान्यात ठेवायला का आवडतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण ते दोन शब्द आले की बोली वाढते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

म्हातारीच्या घंगाळावर तिच्या बापाचं नाव होतं, तिचं होतं आणि अकोले तालुक्यातल्या तिच्या माहेरचंही. विकायचं कारण तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही, धंद्यात ते विचारायचं नसतं. मी भाव पाडून मागितला तर म्हणाली, "तांबं काय शेतात पिकाय लागलं का, एवढं स्वस्त मागतोस?" मला हसू आलं आणि मी भाव वाढवला. सौदा ठरल्यावर मात्र तिनं घंगाळावरचा हात उचलला नाही.

"नाव कुटं दिसू देऊ नको, बाबा. भाऊ हाय माझा अजून. दर भाऊबीजेला नवा तांदूळ घेऊन येतो. बापाचा आहेर इकला म्हनून कळलं, तर त्यो ही पायरी चढायचा न्हाई."

मी शब्द दिला.

घरी आल्यावर नोंदीसाठी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, पण लिलावात नावाची बाजू भिंतीकडं केलेला फोटोच लावला. शीर्षक लिहिलं, 'घंगाळ, तांब्याचं, जुनं, पितळी कड्या, अठरा इंच, बुडाला डाग दिलेला'. बोली जागची हलेना. ते दोन शब्द लिहायला बोट शिवशिवत होतं. लिहिले नाहीत.

मग पुण्याच्या त्या व्यापाऱ्याचा निरोप आला. "काका, ॲसिड मारून जुनं केलेलं दिसतंय. असला माल आम्ही रोज बघतो."

माझ्या मालाला कुणी खोटं म्हटलं की मला पुढचं दिसत नाही. कोरलेल्या नावाचा फोटो मी त्या क्षणी त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, हे वाच, हे पण ॲसिडनं लिहिलं का? पाठवल्यावर भानावर आलो. लगेच कळवलं की नाव बाहेर काढू नका, बाईला शब्द दिलाय. त्याचं उत्तर आलं, "निश्चिंत राहा, काका." त्यानं बोली लावली आणि घंगाळ नेलं.

पंधरा दिवसांत तेच घंगाळ पुन्हा लिलावात दिसलं. फोटो माझाच, नावाचा. शीर्षकाची सुरुवातच म्हातारीच्या नावानं, पुढं बापाचं नाव, माहेरचं गाव आणि शेवटी 'लेकीला दिलेला आहेर'. धंद्याच्या नजरेनं ते शीर्षक चांगलं होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

मी फोन केला, शिव्या घातल्या. तो शांतपणे म्हणाला, "वस्तू माझी, शीर्षक माझं. तुम्हाला लिहिता आलं नाही, मी लिहिलं." त्यानंतर माझा नंबर त्यानं ब्लॉक करून टाकला.

माहेरच्या गावातल्या कुणीतरी ते पाहिलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. दिवाळी झाल्यावर मी कोल्हारला गेलो. भाऊबीजेला भाऊ आला नव्हता. म्हातारीनं मला बस म्हटलं नाही. मी व्यापाऱ्याचं सगळं सांगत राहिलो, ती निवडत बसलेल्या मेथीवरून मान वर करीना. शेवटी एवढंच विचारलं, "फोटू कुनी काढला?"

मी काढला, असं म्हणालो.

"मी तुला घंगाळ इकलं हुतं," ती म्हणाली. "नाव न्हवतं इकलं."

तिथून मी थेट अकोल्याची एसटी धरली आणि तिच्या माहेरी पोचलो. भावानं मला अंगणातूनच परत लावलं. भंगारवाल्याच्या तोंडून बहिणीची कैफियत ऐकायची नाही, म्हणाला. त्याचंही खरं आहे.

फोटो मी काढला आणि मीच पाठवला. माझ्या रागाचं उत्तर मी तिच्या पायरीवर उभं राहून दिलंय, परत द्यायला लागलं तरी देईन. पण ते शीर्षक माझं नाही. पुण्याच्या व्यापाऱ्या, तू म्हणालास ना, शीर्षक माझं? मग त्याचा जाबही तुझा. अकोल्याला ये, त्या अंगणात उभा राहा आणि त्या भावाला सांग की तुझ्या बहिणीनं नाव झाकून ठेवायला सांगितलं होतं, मला ते माहीत होतं आणि तरी मी ते सगळ्यात आधी लिहिलं. येत्या भाऊबीजेच्या आत ये. एसटीचं तिकीट मी काढतो.