'हेच' येईपर्यंत

काका तळहात टेबलावर उपडा ठेवायचे आणि म्हणायचे, "थांब. आधी त्याचं म्हणणं सांग, मग तुझं." आवाज कधी चढला नाही. पण तो हात टेबलावर आला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. माझी तर कितीदा झाली.

आम्ही काही जण मिळून एक सॉफ्टवेअर बनवतो. मराठी टाइप करताना चुकलेल्या शब्दाखाली ते लाल रेघ मारतं. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याला मालक नाही; कोणीही फुकट वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. मालक नसला की काय होतं, ते तुम्ही आपापल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहिलंच असेल. त्यातून आमच्यातले निम्मे डोंबिवलीचे. मत नसलेला डोंबिवलीकर मला तरी अजून भेटायचा आहे.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, राहायला टिटवाळ्याला. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका क्लासच्या रिकाम्या वर्गात आमची बैठक भरायची. ते सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसून ठेवत. त्यांनी एकच नियम घालून दिला होता. कोणाची सूचना नाकारायची असेल तर आधी ती आपल्या शब्दांत मांडायची. समोरचा "हेच" म्हणाला तरच पुढे आपलं बोलायचं. नाही म्हणाला, तर परत मांडायची.

ऱ्हस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर आलेले दोघं या नियमापायी तासभर एकमेकांची बाजू मांडत बसलेले मी पाहिलेत. तिसऱ्या खेपेला त्यातला एक म्हणाला, "च्यायला, याचं बरोबर आहे की!"

"पहिला शब्द सोडून बाकीचं फळ्यावर लिही," काका म्हणाले.

विठ्ठलवाडीच्या एक बाई आमच्यात होत्या, शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या. त्यांनी एकदा शब्दांची यादी पाठवली आणि लिहिलं, यांना चूक धरू नका. पहिलाच शब्द 'गेलेलो'. पुढे आलेलो, बसलेलो, झोपलेलो. सूचना घेणं किंवा बंद करणं तेव्हा माझ्या हातात होतं. त्या दिवशी मी ऑफिसातून वैतागून आलेलो. लिहून टाकलं, "हे शुद्धलेखनाचं सॉफ्टवेअर आहे. उद्या 'पानी'पण घ्यायचं का?" आणि सूचना बंद केली. नियमबियम काही पाळला नाही.

खाली तिघांनी हसरे चेहरे टाकले. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढच्या बैठकीला बाई आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही.

काकांचा फोन आला. "तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही रे. पण तू तिचं म्हणणं सांगितलंस कुठे?"

"मग तुम्हीच उघडा ना सूचना. तुम्हाला अधिकार आहे."

"तू अधिकार आहे म्हणून बंद केलीस. मी अधिकार आहे म्हणून उघडली, तर फरक काय राहिला? तू लिही. मी थांबतो."

"पण काका, तुमचं मत काय?"

"माझी पाळी आली की सांगेन."

आणि ते खरंच थांबले. दर बैठकीनंतर चपला घालता घालता विचारायचे, "लिहिलंस?" मी म्हणायचो, वेळच नाही झाला. वेळ होता. मला वाकायचं नव्हतं.

एका गुरुवारी कल्याणच्या हॉस्पिटलात त्यांना भेटलो. नाकात नळी, तळहात चादरीवर उपडा.

"लिहिलंस?"

"या रविवारी नक्की, काका."

रविवार उजाडायच्या आत ते गेले.

सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी टाइप केलं, 'गुरुवारी मी काकांना भेटायला गेलेलो, तेव्हा' आणि 'गेलेलो'खाली लाल रेघ उमटली. आमचीच रेघ. मी जन्मभर असाच बोलत आलोय, माझे वडीलही असेच बोलायचे. ती रेघ बघत बसलो आणि रडू फुटलं.

त्याच दिवशी बाईंना लिहिलं: 'तुम्हाला बोलीतले शब्द यादीत हवे आहेत.' उत्तर आलं, "नाही." परत लिहिलं: 'रोजच्या बोलण्यातला शब्द चूक धरू नये.' उत्तर आलं, "थोडं राहिलं." मग फोनच केला. त्यांचे बाबा आजारी असताना जुन्या गोष्टी सांगायचे, बाईंनी त्या बाबांच्याच बोलीत टाइप केल्या होत्या. बाबा गेल्यावर फाइल उघडली, तर पानभर लाल.

तिसऱ्यांदा लिहिलं: 'माझे बाबा आयुष्यभर चुकीचं बोलले, असं मला कोणी रेघ मारून सांगू नये.'

"हेच," त्यांनी लिहिलं.

यादी घेतली. माफी मागितली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण बैठकीला नाही येणार मी." त्या आल्या नाहीत.

हे सांगायला टिटवाळ्याला गेलो, तर काकूंनी एक वही पुढे केली. "यात तुझं नाव आहे, बघ बाबा."

काकांच्या सुबक अक्षरात माझं नाव होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'याचं म्हणणं: हा स्वतः अशाच शब्दांवरून शाळेत मार खाऊन शिकलेला दिसतो. पुढच्या पोरांना तो मार बसू नये, म्हणून यादी कडक ठेवतो. त्याला विचारायचं आहे.'

चौथीतल्या बाईंनी मला 'गेलो होतो' शंभर वेळा लिहायला लावलेलं, हातावर पट्टी मारून. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी स्वतःच विसरून बसलेलो.

काकूंकडून पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, 'हेच.'

नियमाप्रमाणे आता पाळी काकांची होती. मी पान उलटलं. पुढची वही कोरी होती.