जहाजाच्या कागदावरची सही

माझी मुलगी समुद्राचा बर्फ मोजते. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजावर तिला जागा मिळाली. बर्फात पोकळ नळी फिरवून बर्फाचा लांब दांडा काढायचा आणि त्यातलं मीठ मोजायचं, एवढं मला तिच्या सांगण्यातून कळलं होतं. तिकडे काही बरंवाईट झालं तर आमची तक्रार नाही, अशा कागदावर घरच्या एकाची सही हवी होती. संध्याकाळपर्यंत कागद गेला नाही तर जागा दुसऱ्याला.

हे गेल्यापासून घरचे कागद माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, पाहतात. ते पुरानी बस्तीतून आले, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरून. भासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी पदर घेऊन दाराआड उभी राहिले.

"बर्फच पाह्यचा तर बीरगावच्या बर्फाच्या फॅक्टरीत लावून देतो ना तुले!" म्हणत ते हसले. लाल थेंब कागदावर पडला.

"मोठे बाबा, कागद!"

"काही होत नाही. जहाजावर बायका किती?"

"आम्ही तिघी."

"बाकी सारे माणसंच? मंग महिन्याचं कसं करशील? कपडे कुठी वाळवशील?"

मला शिसारी आली. सख्ख्या भावाच्या पोरीला हा माणूस हे चघळत चघळत विचारत होता. ती मान खाली घालून उभी. त्यांनी पीकदाणी ओढली आणि थुंकले. ती पीकदाणी इतकी वर्षं मीच धूत आले होते. माझीच मला किळस वाटली.

"तुह्या मायले सांग," दाराकडे न पाहता ते म्हणाले, "मी सही नाही करून राहिलो. पोट्टीच्या लग्नाचं पाह्य म्हणा."

मी बाहेर आले.

"घरच्या कोणाचीबी सही चालते का?" मी मुलीला विचारलं.

"हव, आई."

"मंग पेन दे."

"वा! चौथी पास, अन् झाली साहेब!" ते भिंतीकडे पाहून म्हणाले.

मी पदरानं थेंब पुसला, तर तो आणखी पसरला. त्याच्या बाजूला मी नाव लिहिलं. एकेक अक्षर काढायला वेळ लागला. मुलीनं फोटो काढून तिथल्या तिथे पाठवला.

ते गेल्यावर पीकदाणी मी कचऱ्यात टाकली. साबणानं तीनदा हात धुतले, तरी वास येतच होता.